झारीवरची तिरपी रेघ

खालून तिसऱ्या पानाच्या बुडाशी चार मिलिमीटर व्यासाचा एक डाग होता. त्याला रंग नव्हता. तेवढ्या जागी पान तेल लागलेल्या कागदासारखं आरपार दिसत होतं. डागाची कडा स्पष्ट होती. निरोगी पान बोटाने दाबलं तर उलट दाब देतं. हे पान दबलं आणि दबलेलंच राहिलं. शेजारच्या कुंडीतल्या झाडावर असे दोन डाग होते, त्याच्या पलीकडच्यावर पाच. तारीख तीन डिसेंबर, वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं, तापमान चोवीस अंश, हवेतली आर्द्रता चौऱ्याण्णव टक्के. विनुताने हे सगळं वहीत टिपलं. तंजावूरच्या हिवाळ्याचा तो दुसरा आठवडा होता. हिवाळा सभेच्या ठरावाने सुरू झाला होता.

सभा म्हणजे तंजावूर मराठी संवर्धिनी सभा. राजवाड्यामागच्या बोळात तिची इमारत आहे. पुढे सभागृह, मध्ये उघडा चौक, मागे पत्र्याची एक खोली. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजांमागोमाग इकडे आलेल्या घराण्यांनी मराठी टिकवावी, हा सभेचा उद्देश. सभासद घरात मराठी बोलतात, बाजारात तमिळ बोलतात आणि रागावले की इंग्रजी. वाचणं-लिहिणं तमिळ आणि इंग्रजीत होतं. देवनागरी अक्षरं इमारतीच्या पाटीवर आहेत. ती त्रिचीच्या एका रंगाऱ्याने, ज्याला मराठीचा गंध नव्हता, मोराचं चित्र काढावं तशी नमुन्यावरून काढून दिली. कार्यकारिणीच्या सात जणांपैकी किती जणांना देवनागरी वाचता येते, हा प्रश्न सभेत कधी कुणी विचारला नव्हता. बाईला वय विचारण्यासारखंच ते असभ्य मानलं जाई.

नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या एका मंडळाने सभेला चाळीस सक्युलंट भेट दिली. जाड, गुबगुबीत पानांची, कमळासारखी पसरलेली झाडं. सोबत बारा पानांची एक मराठी पुस्तिका होती आणि एक पत्र होतं. पत्र महत्त्वाचं असल्यामुळे ते इंग्रजीत होतं. पुस्तिकेप्रमाणे हिवाळाभर झाडांची काळजी घ्यावी, फेब्रुवारीच्या शेवटी मराठी दिनाला आमचे प्रतिनिधी येऊन ती पाहतील आणि सभेच्या मराठीनिष्ठेचा सत्कार करतील, असं त्यात म्हटलं होतं.

लगेच सभा बोलावली गेली. श्रीहर्ष हा सर्वांत धाकटा सभासद. तो घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो, त्यामुळे त्याला प्रश्न विचारायला वेळ असतो.

"आपल्याकडे हिवाळा कोठं असतो?" तो म्हणाला.

सीतारामराव निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मग हें काय म्हणून घालतों मी? शोभेला?"

बाहेर त्या वेळी सव्वीस अंश तापमान होतं. टोपी हा पुरावा म्हणून स्वीकारला गेला आणि एकवीस नोव्हेंबरपासून हिवाळा लागू करण्याचा ठराव एकमताने झाला.

मग पुस्तिका. ती अध्यक्ष अप्पाजींच्या हाती देण्यात आली. अप्पाजी एक्क्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. दर मराठी दिनाला ते एका कागदावरून स्वागतपर भाषण वाचत. कागद एकोणीस वर्षं तोच होता, भाषणही तेच होतं, आणि एकदा कागद उडून गेल्यावरही भाषण अडलं नव्हतं. त्यांनी पुस्तिका डोळ्यांना लावली, उघडली आणि बराच वेळ पान चार न्याहाळलं. त्या पानावर तीन चित्रं होती. पहिल्यात एक झारी आणि तिच्यावरून गेलेली तिरपी रेघ. दुसऱ्यात सूर्य आणि चंद्र. तिसऱ्यात कापड पांघरलेलं झाड.

"झाडांला पाणी द्यावें," अप्पाजींनी धीरगंभीर आवाजात वाचलं. "सकाळीं एक तांब्या, संध्याकाळीं एक तांब्या. आणि थंडीचें पांघरूण घालावें."

"रेघ कशाची?" श्रीहर्षने विचारलं.

"पाण्याची धार ती," अप्पाजी म्हणाले. "धार तिरपीच पडते की."

पोस्टमास्तराचं निरीक्षण होतं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नव्हती.

अंमलबजावणी सांबशिवकडे आली. सांबशिव सभेचा राखणदार, झाडूवाला आणि माळी. मागच्या पत्र्याच्या खोलीत तो एकोणीस वर्षं राहतो. बायको गेल्यापासून मुलगी जननी आणि तो. जननी चार गल्ल्या पलीकडे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विनुता नववीत असताना तिच्या वडिलांचा पाय मोडला, तेव्हा सांबशिव तिला रोज सायकलच्या मागे बसवून शाळेत सोडी. ती त्याला मामा म्हणते. आता ती एका महिला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सभेची सचिव आहे.

कनकलताअक्का महिला शाखेच्या प्रमुख. पांघरुणाची जबाबदारी त्यांनी उचलली. तंजावूरात लोकर विकत मिळत नाही, कारण कुणाला ती लागत नाही. ती उटीहून मागवली गेली. अकरा बायकांनी आठवडाभर विणून चाळीस टोप्या तयार केल्या, प्रत्येकीला कानपट्ट्या. झाडांना कान नसतात, पण नमुना सीतारामरावांच्या टोपीचा होता.

डिसेंबर उजाडला आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तंजावूरच्या हिवाळ्यात तो दरवर्षी तयार होतो. सलग चार दिवस पाऊस पडला. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली. पुस्तिकेत पावसाचं चित्र नसल्यामुळे सांबशिवला सुट्टी नव्हती. सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता तो एका हाताने डोक्यावर छत्री धरी आणि दुसऱ्या हाताने, चौकात पावसात उभ्या असलेल्या कुंड्यांना, तांब्याने पाणी घाली. लोकरीच्या टोप्या भिजून झाडांच्या मानेवर बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात विनुताला पहिला डाग दिसला.

"अक्का, हीं झाडं पाणी मागत नाहींत," सांबशिव तिला म्हणाला. "पोट फुगलेल्यावर कोणी जेवण वाढतं काय?"

"मग घालता कशाला मामा?"

"खोली सभेची की."

विनुताने एक मेलेलं झाड उपटलं, मुळं धुतली, उभा छेद घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मुळं कुजून तपकिरी झाली होती. तिने दोन पानी टिपण केलं आणि पुढच्या सभेत मांडलं. ही झाडं पानांत पाणी साठवतात, थंडीत त्यांची वाढ थांबते, तेव्हा त्यांना पाणी जवळजवळ नकोच. सभागृहाच्या ओसरीत, चौकापासून सहा पावलांवर, कुंड्या ठेवल्या तर उरलेली वाचतील.

"अक्का, तुमच्याच दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोरफड टांगली आहे," ती कनकलताअक्कांना म्हणाली. "उलटी. मुळं वर. माती नाही, पाण्याचा थेंब नाही. सात महिने हिरवीगार आहे."

"ती इकडची कोरफड ग," कनकलताअक्का म्हणाल्या. "तिला कसंही चालतं. हीं पुण्याचीं."

सीतारामरावांनी टिपण चाळलं. "हें सगळं इंग्रजी पुस्तकांतलं. आपण कोणतं पुस्तक पाळायचं? परक्याचं की आपलं?"

"आपल्या पुस्तकात काय आहे ते एकदा नीट पाहू या," विनुता म्हणाली.

अप्पाजींनी पुस्तिका टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "पाहा की. वाच."

विनुताने पुस्तिका उघडली. ओळी होत्या, ओळींवरून रेषा गेल्या होत्या, रेषांना अक्षरं लोंबकळत होती. त्यांतली चार तिला येत होती; तिच्या नावातली.

"चष्मा आणला नाही," ती म्हणाली.

ती चष्मा वापरत नाही हे सर्वांना ठाऊक होतं. पुस्तिका कनकलताअक्कांकडे गेली. त्यांनी चष्मा आणला नव्हता. सीतारामरावांचा चष्मा नाकावर होता, पण तो लांबचं पाहायचा होता. श्रीहर्षच्या डोळ्यांत स्क्रीनमुळे पाणी येत होतं. उरलेल्या दोघांनी पुस्तिका नुसतीच कपाळाला लावून पुढे दिली. ती फिरून अप्पाजींकडे आली आणि सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या कायम झाला.

त्या सभेनंतर पुस्तिका काचेच्या पेटीत, राजांच्या तसबिरीखाली ठेवण्यात आली. आणि एक नवी प्रथा सुरू झाली. कार्यकारिणीचे सभासद एकेकटे, वेगवेगळ्या वेळी, नमस्कार करायला येऊ लागले. सांबशिव बाहेरून झाडत असे. काचेची झडप उघडल्याचा आवाज येई, मग थोडी शांतता, मग मोबाईलच्या कॅमेऱ्याची टिकटिक. मोजून बारा वेळा.

विनुता गुरुवारी दुपारी आली. घरी जाऊन दार लावून तिने बारा फोटोंचं मोबाईलकडून तमिळ भाषांतर करून घेतलं. सात सेकंद लागले. पहिली दहा पानं मान्यवरांच्या शुभेच्छांची आणि मराठीच्या थोरवीची होती. अकराव्या-बाराव्यावर आभार होते. काळजीचा मजकूर फक्त पान चारवर, चित्रांखाली, शुभेच्छांच्या मध्ये सापडलेल्या जागेत होता. तीन ओळी. थंडीत पाणी देऊ नये. दिवसा उन्हात, रात्री छपराखाली ठेवावे. फक्त कडक गारठा पडल्यास पातळ कापड घालावे, ओले होऊ देऊ नये.

तिने ठरवलं की रविवारी सभेच्या सगळ्यांसमोर हे सांगायचं.

शनिवारी रात्री श्रीहर्षकडून एक चूक झाली. त्याने पान चारचं इंग्रजी भाषांतर मित्राला पाठवण्याऐवजी सभेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. अकरा सेकंदांत ते काढून टाकलं. मागे फक्त 'संदेश हटवण्यात आला' एवढं उरलं. त्याखाली एकेक करून पाचही जणांनी हात जोडले. अप्पाजींनीही जोडले. काय हटवलं, असं एकानेही विचारलं नाही. विनुताने ते सहा मिनिटं पाहिलं आणि मग तिनेही हात जोडले.

आता सातही जणांना ठाऊक होतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की इतरांना ठाऊक आहे. तरीही पाणी थांबवणं सोपं नव्हतं. जो थांबवा म्हणेल त्याला कसं कळलं, हे सांगावं लागेल. मोबाईलने कळलं म्हटलं तर त्याला स्वतःला वाचता येत नाही हे उघड. शिवाय अप्पाजींनी नोव्हेंबरमध्ये जे वाचलं ते काय होतं, हेही उघड. मराठी संवर्धिनी सभेच्या अध्यक्षांना मराठी वाचता येत नाही, हे एकदा नोंदवहीत आलं की सभा कशाची उरली? झाडं वाचवायची की भाषा, असा पेच होता. सभेच्या घटनेत झाडांचा उल्लेख नव्हता.

रविवारी विनुता बोलण्यासाठी उभी राहिली, तेवढ्यात अप्पाजींनी जाहीर केलं की जानेवारीपासून मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग सुरू होत आहे आणि त्याची शिक्षिका विनुता असेल. पुण्याचे पाहुणे तिचाच सत्कार करतील. टाळ्या झाल्या. विनुता उभीच होती, त्यामुळे तिने आभार मानले आणि खाली बसली.

वर्ग सुरू झाला. चौदा मुलं येत. गाणी होत, आरत्या होत, आमटीच्या चवीवर संभाषण होई. अक्षरओळख पुढच्या सत्रात ठेवली होती.

जानेवारीच्या मध्यावर एकतीस झाडं गेली होती, शेवटी सदतीस. रिकाम्या कुंड्यांनाही सकाळ-संध्याकाळ पाणी मिळत होतं, कारण ठराव कुंड्यांचा होता. आता अहवालात कारण लिहायचं होतं. 'जबाबदारी निश्चिती' हा विषय सभेपुढे आला आणि पुढे ढकलला गेला. पुन्हा आला, पुन्हा ढकलला गेला. कारण तीनच शक्यता होत्या. पुस्तिका चुकली असेल; पण पुस्तिका मराठीत होती. वाचणारा चुकला असेल. पण ते अध्यक्ष होते. उरला सांबशिव. पण सांबशिव सांगितलं तेवढंच पाणी, सांगितल्या वेळी, छत्री धरूनसुद्धा घालत होता. त्याच्यात दोष सापडेना. सभेला याचं खरोखर वाईट वाटत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कनकलताअक्का टोप्या मोजायला मागे गेल्या आणि दोष सापडला. सांबशिवच्या खोलीच्या पत्र्याखाली, दोरीवरच्या कपड्यांमागे, तीन कुंड्या होत्या. तिन्हींत झाडं होती. घट्ट, हिरवी, पानांच्या कडा लालसर, आणि एकाला फुलाचा दांडा फुटलेला.

त्याला बोलावण्यात आलं.

"हीं कधी हलवलीं?" सीतारामरावांनी विचारलं.

"पहिल्या पावसांत, सार."

"यांला पाणी?"

"दोनदा घातलं असेल. महिन्याला एकदा."

सभागृहात समाधानाचा एक श्वास पसरला. तीन झाडं जिवंत होती, याचा अर्थ त्यांना पाणी मिळालं नव्हतं. पाणी मिळालं नव्हतं, म्हणजे ठराव मोडला होता. ज्या सदतीस झाडांच्या बाबतीत ठराव पाळला गेला, त्यांच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. अपराध फक्त तीन झाडांचा होता, आणि तो टवटवीत होता.

तिन्ही कुंड्या जप्त करून सभागृहात आणल्या गेल्या. श्रीहर्षने त्यांचे फोटो काढले, प्रत्येकीचे तेरा बाजूंनी. अहवालाला एकोणचाळीस फोटो जोडले गेले. पुस्तिकेतील मार्गदर्शनाचं काटेकोर पालन केल्याने झाडं बहरली आहेत, असं अहवालात लिहिलं गेलं. अहवाल इंग्रजीत होता.

सव्वीस फेब्रुवारीला, पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी, विषय आणखी पुढे ढकलणं अशक्य झालं. त्या सकाळी विनुता मागे गेली. सांबशिव झारी पालथी घालून तिच्यावर बसला होता.

"मामा, आज मी सांगणार आहे. सगळं."

"काय सांगतेस अक्का?"

"पान चारवर काय आहे ते. पाणी देऊ नका असं आहे. तुमचंच बरोबर होतं."

सांबशिवने तिच्याकडे पाहिलं. "मज ठाऊक आहे. जननीने मोबाईलवर दाखवलं. डिसेंबरांतच." मग तो हसला. "तूं बोल. तूं बोललीस तर होईल. शिकलेली आहेस. जननीचं एक वर्ष राहिलंय. तेवढं येथ झालं तर बास."

दहा आठवडे तिने ते वाक्य मनात तयार ठेवलं होतं. मला देवनागरी वाचता येत नाही, अप्पाजींनाही येत नाही, आणि झाडं आपण मारली. तीन उपवाक्यं. कुठेही अतिशयोक्ती नाही.

सभा भरली. सातही जण हजर होते. सांबशिव दाराशी उभा होता, चप्पल बाहेर काढून. सीतारामरावांनी विषय वाचला.

"मामांनी नियम मोडला की नाही, हा शास्त्राचा प्रश्न आहे," कनकलताअक्का म्हणाल्या. "विनुताने सांगावं. शास्त्र शिकली आहे, मराठीची टीचर आहे. आम्हां सर्वांला मान्य."

"सरी," अप्पाजींनी तमिळमध्ये होकार दिला. त्यांनी काचेची पेटी उघडली, पुस्तिका काढली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "पान चार. मोठ्याने वाच मुली. मग तूंच निर्णय सांग. तोच लिहूं."

विनुताने पुस्तिका घेतली. पान चार आपोआप उघडलं. फोटो काढून काढून ते तिथे सैल झालं होतं. झारी होती. तिरपी रेघ होती. सहा चेहरे तिच्याकडे पाहत होते आणि त्या सहाही चेहऱ्यांवर एकच विनंती होती. दाराशी सातवा चेहरा होता. त्याच्यावर विनंती नव्हती, विश्वास होता, आणि तो पाहणं अधिक अवघड होतं, म्हणून तिने पाहिलं नाही. उद्या सकाळी अकरा वाजता सत्कार होता. चौदा मुलांचे पालक येणार होते.

हे वाचताना तुम्हाला वाटलं असेल की तिथे मी असतो तर उठून बोललो असतो. कार्यकारिणीच्या सातही सभासदांचं डिसेंबरपासून स्वतःबद्दल अगदी हेच मत होतं.

"'सकाळीं एक तांब्या,'" विनुताने स्पष्ट, शांत आवाजात वाचलं. "'संध्याकाळीं एक तांब्या.'"

अप्पाजींनी डोळे मिटले.

"आणि निर्णय?" सीतारामरावांनी पेन उघडलं.

विनुताने पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली, कडेला समांतर.

"सांबशिव मामांनी महिनाअखेर खोली सोडावी," ती म्हणाली.